वजन उतरलं, भूक का चढली?

अबोली_इंदूर

नमस्कार मंडळी,

हा धागा काढायचं बरेच दिवस मनात होतं. गेल्या रविवारी एक प्रसंग घडला आणि आता गप्प बसवत नाही.

मी इंदूरची. माहेर रामबागेत, सासर सुदामानगरात. शाळेत शिकवते. दोन वर्षांपूर्वी माझं वजन ७८ किलो होतं, ते सात महिन्यांत ६४ वर आणलं. रोज पहाटे अन्नपूर्णा मंदिरापर्यंत चालत जाऊन परत, रात्रीचं जेवण साडेसातच्या आत, साखर बंद, पोह्यांवरची शेव बंद. गणपतीत आरतीला भेटलेल्या बायका हात धरून विचारायच्या, "काय केलंस गं?" आज मी ७५ वर आहे. चालणं सुटलेलं नाही, चहात साखर अजूनही नाही. बदलली ती भूक.

साडेचारला शाळेतून येते. चपला काढायच्या आधी हात फडताळाकडे जातो. शेवेचा डबा स्टीलचा आहे, झाकण घट्ट बसतं. डबा पोटाशी धरून अंगठ्यानं झाकण उचकटायचं. ते वाजलं की आतल्या खोलीतून मुलगी विचारते, "आई, आलीस?" दार उघडल्याचं तिला कळत नाही, झाकण वाजल्याचं कळतं. ही जिभेची हौस नाही हो. पोटात खड्डा पडतो, दुसरं काही सुचत नाही. ७८ किलोंची होते तेव्हा असली भूक मला ठाऊकच नव्हती.

रविवारी नात्यात सत्यनारायण होता. मी प्रसादाचा शिरा दुसऱ्यांदा घेतला. एक वयस्क बाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, "जिभेवर ताबा नसला की केलेलं सगळं पाण्यात जातं." मी हसून वेळ मारून नेली. पण माझी १५ वर्षांची मुलगी शेजारी बसली होती. तिनं हातातली वाटी खाली ठेवली आणि पुन्हा उचलली नाही. ती अंगानं माझ्यासारखीच आहे.

त्या रात्रीपासून मी वाचत सुटले आहे. जे कळलं ते असं:

रिकाम्या जठरातून घ्रेलिन नावाचं संप्रेरक, म्हणजे हार्मोन, रक्तात येतं आणि मेंदूला सांगतं, "वाढा आता पान." १९९९ मध्ये कोजिमा आणि कांगावा या जपानी संशोधकांनी ते शोधलं. जेवणाआधी ते चढतं, जेवल्यावर उतरतं. उलट बाजूला लेप्टिन. ते चरबीच्या पेशींतूनच निघतं आणि "कोठार भरलेलं आहे" अशी वर्दी मेंदूला देतं. चरबी घटली की लेप्टिन घटतं, मेंदूला वाटतं दुष्काळ पडला.

मी ज्यापाशी थांबले तो २०११ साली प्रसिद्ध झालेला ऑस्ट्रेलियातला, मेलबर्नचा अभ्यास. ५० जणांना दहा आठवडे अगदी कमी उष्मांकाच्या आहारावर ठेवलं. सरासरी साडेतेरा किलो उतरले, म्हणजे जवळजवळ माझ्याएवढेच. मग वर्षभरानं पुन्हा रक्त तपासलं. तोवर काही वजन परत आलेलंही होतं, तरी घ्रेलिन सुरुवातीपेक्षा अजूनही वर, लेप्टिन अजूनही खाली, आणि माणसं स्वतः सांगत होती की पूर्वीपेक्षा भूक जास्त लागते. एक वर्षानंतरही! हे वाचून मी स्वयंपाकघरात जाऊन रडले, खरं सांगते. इतके दिवस मी स्वतःला जे बोलत होते ते आठवून.

तुमच्यापैकी कोणाला असा अनुभव आहे का? आणि यावर करायचं काय?

---

गराडूप्रेमी

ताई, शब्दन् शब्द माझा आहे. मी पीथमपूरला कारखान्यात आहे, तीन पाळ्या. रात्रपाळीच्या आठवड्यात जी भूक लागते ती दिवसपाळीत लागत नाही. दुसरी पाळी संपवून साडेबाराला इंदुरात शिरलो की गाडी आपोआप सराफ्याकडे वळते. रात्री सराफा बाजाराची खाऊगल्ली होते आणि तेव्हा ती ऐन रंगात असते. आधी गराडू, म्हणजे तळलेला कंद, मग भुट्ट्याचा कीस, मग गरम जिलबी. घरी डब्यातली पोळीभाजी तशीच. तीन वर्षांत ११ किलो वाढलो. याचाही संप्रेरकांशी संबंध असतो का?

---

अबोली_इंदूर

असतो दादा. शिकागोत १२ तरण्या, धडधाकट मुलांवर प्रयोग झाला होता, तो २००४ मध्ये छापला गेला. दोन रात्री चारच तास झोपू दिलं, आणि दुसऱ्या खेपेला दोन रात्री दहा तास अंथरुणात. कमी झोपेनंतर लेप्टिन १८ टक्क्यांनी कमी, घ्रेलिन २८ टक्क्यांनी जास्त, आणि भूक सुमारे २४ टक्क्यांनी वाढलेली. ओढही गोड, खारट आणि पिठूळ पदार्थांची जास्त. बारा जण म्हणजे फार थोडे, पण तुमच्या सराफ्याच्या यादीत गोड, खारट, पिठूळ तिन्ही आहेत बघा.

---

जुना_तालीमबाज

अबोलीताई, राग मानू नका. माझं वय ७१. आमच्या लहानपणी कोणाला संप्रेरक हा शब्द माहीत नव्हता आणि मोहल्ल्यात लठ्ठ माणसं बोटावर मोजण्याएवढी होती. माणूस तोच, शरीर तेच. बदललं ते हे की, आम्ही सायकलवर राजवाड्यावरून महूपर्यंत जायचो आणि आता कोपऱ्यावर दूध आणायला स्कूटर लागते. शरीराला दोष देत बसलं तर माणूस प्रयत्नच सोडून देईल, ही माझी भीती आहे. मी रोज आखाड्यात मुलांना हेच सांगतो.

---

सयाजीबाग

काकांना अनुमोदन. वडोदऱ्यातही हेच चित्र आहे. पण ताईंचंही पटतं आहे. तज्ज्ञांनी लिहावं.

---

अंतःस्रावी

तज्ज्ञ म्हणून नाही, पण शरीरक्रियाशास्त्र शिकवण्यात ३१ वर्षं गेली, आता निवृत्त आहे. थोडं सविस्तर लिहितो.

काका, तुमचा पहिला मुद्दा बरोबर आहे. दोन पिढ्यांत जनुकं बदलत नाहीत, बदललं ते ताट आणि पायांचं काम. पण त्याच बदललेल्या ताटासमोर दोन भाऊ बसतात, एक फुगतो आणि दुसरा नाही, ते का? तिथे ही संप्रेरकं येतात.

ही गोष्ट उंदरांपासून सुरू होते. अमेरिकेत जॅक्सन प्रयोगशाळेत १९४९ साली एक उंदीर जन्मला, सतत खात राहणारा. भावंडांच्या कितीतरी पट वाढला. पुढे तिथेच डग्लस कोलमन यांनी एक विलक्षण प्रयोग केला. असा लठ्ठ उंदीर आणि एक साधा उंदीर शस्त्रक्रियेनं जोडले, दोघांच्या रक्तातला काही भाग एकमेकांत जावा म्हणून. लठ्ठ उंदराचं खाणं कमी झालं आणि तो वाळला! म्हणजे साध्या उंदराच्या रक्तात 'पुरे' सांगणारं काहीतरी होतं, ते लठ्ठ उंदराकडे नव्हतं. मग लठ्ठ उंदरांची दुसरी एक जात होती, ती साध्या उंदराला जोडली तर लठ्ठाला काहीच झालं नाही आणि साधा उंदीरच उपाशी मेला. या दुसऱ्या जातीकडे ते द्रव्य भरपूर होतं, ते ऐकणारा मेंदूतला कानच नव्हता. वर्गात मी हे फळ्यावर काढायचो तेव्हा मागच्या बाकावरची मुलंसुद्धा मान वर करायची.

ते द्रव्य हाती लागायला १९९४ उजाडलं. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन यांना त्याचं जनुक सापडलं. नाव दिलं लेप्टिन, ग्रीकमध्ये 'लेप्टोस' म्हणजे बारीक. कोलमन आणि फ्रीडमन दोघांना मिळून २०१० चा लास्कर पुरस्कार मिळाला, वैद्यकातला फार मानाचा.

माणसातही असं होतं का? क्वचित होतं. १९९७ मध्ये इंग्लंडमध्ये दोन चुलत-आते-मामे नात्यातली मुलं सापडली, कुटुंब मूळचं पाकिस्तानातलं. त्यांच्या शरीरात लेप्टिन बनतच नव्हतं. त्यातली मुलगी नऊ वर्षांची असताना ९४ किलोंची होती. लेप्टिनची इंजेक्शनं सुरू केल्यावर तिचं खाणं उतरलं, वर्षभरात १६ किलो कमी झाले. त्या घराला आधी किती जणांनी काय काय ऐकवलं असेल याचा मी नेहमी विचार करतो. दोष इच्छाशक्तीचा नव्हता, एका अक्षराच्या चुकीचा होता.

मग सगळ्यांनाच लेप्टिन टोचावं, नाही का? करून पाहिलं. फारसा उपयोग झाला नाही, कारण बहुतेक लठ्ठ माणसांच्या रक्तात लेप्टिन कमी नसतंच, उलट भरपूर असतं. मेंदू ऐकत नाही. दारावर कोणी सतत कडी वाजवत राहिलं तर घरातल्या माणसाचं लक्ष जाईनासं होतं, तसं काहीसं. याला लेप्टिन-प्रतिरोध म्हणतात.

---

जुना_तालीमबाज

डॉक्टरसाहेब, त्या मुलीची हकीकत मला माहीत नव्हती. वाईट वाटलं. पण तशी मुलं लाखात एखादी. बाकीच्यांचं काय? मनावर घेतलं तर होत नाही का?

---

अंतःस्रावी

काका, मनावर घेतलं तर उतरतं. अबोलीताईंचे १४ किलो तसेच उतरले. कठीण आहे ते टिकवणं. अमेरिकेत वजन घटवण्याच्या एका टीव्ही स्पर्धेतल्या १४ जणांचा पाठपुरावा संशोधक केविन हॉल यांनी केला, तो २०१६ मध्ये छापला गेला. या माणसांनी तुमच्या आखाड्याला शोभेल असा घाम गाळलेला होता. सहा वर्षांनी बहुतेकांचं बरंच वजन परत आलं होतं, आणि त्यांचं शरीर बसल्या जागी जेवढं जाळायला हवं त्यापेक्षा दिवसाला सुमारे ५०० उष्मांक कमी जाळत होतं. लेप्टिनही सुरुवातीपेक्षा कमीच. म्हणजे एकीकडून भूक वाढलेली, दुसरीकडून खर्च आखडलेला, असा दोन्ही बाजूंनी पेच. इच्छाशक्ती सोडा असं मी म्हणत नाही. ती किती जड ओझं ओढते आहे ते कळावं एवढंच.

एक आपल्या लोकांसाठी. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन मोजणारा आकडा, अगदी सारखा, २२.३. पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२. आपण बारीक दिसूनही आतून चरबी बाळगतो. म्हणून आपल्याकडे बीएमआय २३ च्या पुढे सावध व्हायचं, आणि कंबर पुरुषाची ९० सेंटीमीटर, बाईची ८० च्या आत ठेवायची.

---

गराडूप्रेमी

आत्ताच टेपनं मोजली. ९७. बायकोलाही हा धागा वाचायला दिला आहे.

---

सयाजीबाग

माझा खरा प्रश्न वजन उतरवण्याच्या नव्या इंजेक्शनांचा आहे. माझ्या मावसबहिणीला लग्नाआधी बारीक व्हायचं होतं. एका ठिकाणी, नाव लिहीत नाही, रक्त न तपासता, घरात कोणाला काय आजार आहे हे न विचारता आठवड्याला एक टोचायला दिलं. पहिल्या दहा दिवसांत तिला इतक्या उलट्या झाल्या की सलाईन लावावं लागलं. वर कोणी फोनही उचलेना. मावशी अजून हादरलेली आहे. ही इंजेक्शनं नेमकी करतात काय, आणि घ्यावीत की नाही?

---

अंतःस्रावी

आधी बहिणीची तब्येत विचारा माझ्यातर्फे. असं औषध असं देतच नाहीत.

जेवण लहान आतड्यात उतरलं की तिथल्या पेशी जीएलपी-१ नावाचं संप्रेरक सोडतात. ते स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतं, जठर हळू रिकामं करतं आणि मेंदूला 'पोट भरलं' असं कळवतं. अडचण ही की रक्तात ते दोन-एक मिनिटंच टिकतं, एक विकर (एन्झाइम) त्याचे तुकडे करतं. औषध करायचं तर टिकाऊ रूप हवं. ते कुठे मिळालं? अमेरिकेच्या वाळवंटातल्या गिला मॉन्स्टर नावाच्या विषारी सरड्याच्या लाळेत. डॉ. जॉन एंग यांनी १९९२ मध्ये त्यातून एक द्रव्य वेगळं केलं, त्यावरून घडवलेलं मधुमेहाचं औषध २००५ साली तिकडे मंजूर झालं. आजचं सेमाग्लुटाइड प्रयोगशाळेत थोडं बदललेलं मानवी जीएलपी-१ च आहे, ते आठवडाभर टिकतं. टिर्झेपेटाइड जीएलपी-१ बरोबर जीआयपी या दुसऱ्या संप्रेरकाचंही काम करतं. भारतात मौंजारो (टिर्झेपेटाइड) मार्च २०२५ मध्ये आलं, वेगोवी (सेमाग्लुटाइड) जूनमध्ये.

गुण येतो, यात शंका नाही. २०२१ च्या मोठ्या चाचणीत सेमाग्लुटाइडनं ६८ आठवड्यांत सरासरी १४.९ टक्के वजन उतरलं, औषध नसलेली सुई टोचलेल्यांचं २.४. टिर्झेपेटाइडच्या सर्वांत मोठ्या मात्रेनं ७२ आठवड्यांत २०.९ टक्के. पण सेमाग्लुटाइड थांबवल्यावर एका वर्षात घटलेल्यातलं दोन-तृतीयांश परत आलं. म्हणजे लग्नापुरतं घ्यायचं औषध हे नव्हेच. रक्तदाबाच्या गोळीसारखं, बहुतेकांना लांबवर चालवायचं.

मळमळ, उलटी, बद्धकोष्ठ हे नेहमीचं, म्हणून मात्रा अगदी कमीपासून महिन्या-महिन्यानं चढवतात. पित्ताशयात खडे होऊ शकतात, क्वचित स्वादुपिंडाला सूज येते. घरात कोणाला मेड्युलरी जातीचा थायरॉइडचा कर्करोग असेल तर घ्यायचं नाही. आणि तुमच्या बहिणीच्या बाबतीत सगळ्यात महत्त्वाचं: लग्नानंतर लवकर मूल हवं असेल तर सेमाग्लुटाइड गर्भधारणेच्या किमान दोन महिने आधी बंद व्हायला हवं. हे तिला कोणी सांगितलं होतं का?

---

सयाजीबाग

नाही. कोणीही नाही. आजच तिला फोन करते.

---

नर्मदाकाठ

मी पाच महिने टिर्झेपेटाइड घेतो आहे, एंडोक्रिनॉलॉजिस्टच्या, म्हणजे संप्रेरकांच्या डॉक्टरांच्या, देखरेखीखाली. वय ४९, मधुमेह ८ वर्षं, वजन १०२ वरून ९०. किलोंपेक्षा दुसरी एक गोष्ट सांगायची आहे.

माझ्या डोक्यात लहानपणापासून खाण्याची भुणभुण चालू असायची. जेवताना पुढच्या जेवणाचा विचार. ऑफिसात मीटिंगमध्ये बसलो तरी मनात कचोरी. सगळ्यांच्या डोक्यात असंच चालत असतं अशी माझी समजूत होती! दुसऱ्या आठवड्यात एका सकाळी ५६ दुकानवर मित्रांबरोबर उभा होतो. समोर पोह्यांची कढई वाफाळत होती, जिलबीचं ताट आलं. अर्धी प्लेट पोहे खाल्ले आणि प्लेट खाली ठेवली. कोणी सांगितलं नव्हतं, मनाशी झगडलो नव्हतो. नुसतं पुरे वाटलं. मी तिथे उभ्या उभ्या बायकोला फोन केला, "तुला रोज असंच वाटतं का गं?" ती म्हणाली, "हो, म्हणजे काय?" माझ्या बायकोनं मला २२ वर्षांत खाण्यावरून कधी बोललं नाही, पण तिला माझं कळतही नव्हतं. त्या दिवशी दोघांनाही कळलं.

खर्च जड आहे. मौंजारो आलं तेव्हा २.५ मिलिग्रॅमची कुपी साडेतीन हजारांची होती, आणि अशा महिन्याला चार. स्नायूही झडतात, म्हणून डॉक्टरांनी आठवड्यातून तीनदा वजनांचा व्यायाम आणि रोज डाळ, पनीर, अंडी सक्तीची केली आहेत.

---

जुना_तालीमबाज

नर्मदाकाठ, स्नायूंचं पटलं. जोर-बैठका घाला, वजनं नसली तरी चालेल. आणि तुमची ती पोह्यांची गोष्ट मी दोनदा वाचली. माझा धाकटा भाऊ जन्मभर जाड होता. मी त्याला फार बोललो आहे. तो आता नाही.

---

अबोली_इंदूर

काका… तुम्ही लिहिलंत हे फार मोठं आहे. नमस्कार करते.

---

माळव्याची_माती

एक भर. माझ्या दिरांची स्लीव्ह शस्त्रक्रिया झाली, जठराचा मोठा भाग काढून टाकतात ती. आम्हाला वाटायचं पोट लहान झालं म्हणून कमी खातात. सर्जननं सांगितलं की जठराच्या ज्या वरच्या फुगीर भागात घ्रेलिन जास्त बनतं तोच भाग निघून जातो, शिवाय अन्न लवकर आतड्यात उतरल्यानं जीएलपी-१ आणि पीवायवाय ही पोट भरल्याचं सांगणारी संप्रेरकं वाढतात. त्यामुळे भूकच मंदावते. अर्थात त्यांना ब-१२ आणि लोह कायम घ्यावं लागतं. त्यांचा बीएमआय ४१ होता आणि मधुमेह होता. हा मार्ग सगळ्यांसाठी नाही.

आणि अबोलीताई, साडेचारच्या भुकेसाठी: नाश्त्याला नुसत्या पोह्यांऐवजी आपले इंदुरी उसळपोहे करून बघा, उसळ जास्त आणि पोहे कमी. शाळेच्या डब्यात मोड आलेले मूग किंवा दोन उकडलेली अंडी. प्रथिनांनी पोट जास्त वेळ धरून राहतं. मला चारचा खड्डा पूर्वी पडायचा, आता कमी पडतो. गेला म्हणणार नाही.

---

अबोली_इंदूर

सगळ्यांचे मनापासून आभार. अंतःस्रावी सर, वाचनखूण साठवली आहे, मुलीला उंदरांची गोष्ट वाचून दाखवली. तिनं विचारलं, "मग त्या लठ्ठ उंदराला बाकीचे उंदीर हसायचे का?" मला उत्तर सुचलं नाही, मी तिला जवळ घेतलं.

आठवडाभर उसळ करते आहे. शेवेचा डबा घरात आहेच, पण साडेचारला आधी मूठभर भाजलेले शेंगदाणे आणि ताक घेते, मग वाटलं तर शेव. दोन दिवस वाटलं, तीन दिवस नाही वाटलं. रात्री अकराला मोबाइल बंद.

सर, एक शेवटचं. मुलीचं वजन तिच्या वयाला थोडं जास्त आहे, पाळी अनियमित आहे. तिला आत्ताच तपासून घ्यावं का?

---

अंतःस्रावी

घ्या. पाळीचं लांबवू नका. थायरॉइड, साखर आणि पीसीओएस (पाळी बिघडवणारा संप्रेरकांचा एक विकार) यांसाठी बालरोगतज्ज्ञ किंवा एंडोक्रिनॉलॉजिस्टकडे जा, वाढीचा तक्ता काढायला सांगा. आणि तिच्यासमोर कोणी वजनावरून बोललं तर तिथल्या तिथे थांबवा, मोठं माणूस असलं तरी.

---

अबोली_इंदूर

गुरुवारची वेळ घेतली आहे. ती म्हणाली, "तूही तुझं रक्त दे, मग मी देईन." दोघी जातो आहोत. रिपोर्ट आले की इथेच लिहीन.